अर्जासोबत जोडलेली तीन पीडीएफ

पुण्यातील एका शैक्षणिक प्रकाशनसंस्थेची जाहिरात गेल्या वर्षी माझ्या पाहण्यात आली. मराठी पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितशोधन घरी बसून करू शकेल अशी व्यक्ती त्यांना हवी होती. पदवीची अट सैल होती, मात्र अनुभवाच्या दाखल्याऐवजी कामाचे तीन नमुने मागितले होते: एक सलग मजकुराचा, एक तक्ते किंवा आकृत्या असलेला आणि एक मुद्रितशोधनाचा, ज्यात दुरुस्तीपूर्वीचा व दुरुस्तीनंतरचा असा दोन्ही मजकूर दिसला पाहिजे. जळगावच्या एका छापखान्यात मी अनेक वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून पाने मांडण्याचे, काम करत आले आहे, त्यामुळे नमुन्यांची वानवा असण्याचे कारण नव्हते. तरीही अर्जातील बाकीचे सर्व रकाने एका बैठकीत भरून झाले आणि नमुन्यांच्या रकान्यापाशी काम अडले, ते चांगलेच अडले. त्या अवधीत जे जे करावे लागले ते तपशिलाने लिहिते, कारण धुळे-नंदुरबारकडच्या माझ्याच व्यवसायातील काही जणींनी अलीकडे याविषयी विचारणा केली आहे आणि प्रत्येकीला फोनवर तेच सांगणे होत नाही.

आमच्या छापखान्यातून बाहेर पडणारे काम कोणते, हे आधी सांगायला हवे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीपासून लग्नपत्रिका, मार्च सरल्यावर सहकारी सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या स्मरणिका, पावसाळ्याच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रांच्या माहितीपुस्तिका आणि अधूनमधून एखाद्या निवृत्त शिक्षकाचा कवितासंग्रह. यातील लग्नपत्रिका आता बहुतांशी व्हॉट्सॲपवर फिरतात आणि छापल्या जातात त्या जेमतेम देवापुढे ठेवण्याइतक्या. अहवालही अनेक संस्था स्वतःच टंकलिखित करून तयार पीडीएफ घेऊन येतात. छापखान्यात यंत्राचे काम उरले आहे, जुळणीचे कमी होत चालले आहे. मालकांनीच एकदा, ‘ताई, तुम्ही आता पुण्या-मुंबईकडची कामे पाहा, इथे माझ्याच्याने तुम्हाला पुरेसे काम देणे होणार नाही’, असे स्वच्छ सांगितले होते. त्यामुळे मी अर्ज करते आहे हे लपवण्याची वेळ माझ्यावर आली नाही. नोकरीत असताना दुसरीकडे अर्ज करणाऱ्या सर्वांचे तसे नसते आणि त्याचा नमुन्यांशी थेट संबंध आहे, कारण दाखवण्याजोगे काम बहुधा मालकाच्या संगणकावर असते आणि कायद्यानेही ते बहुधा मालकाचेच असते. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पगारी मांडणीकाराने आपण मांडलेली पाने परस्पर दुसऱ्याला पाठवणे ही आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट आहे, पण ती चालते म्हणून योग्य ठरत नाही. मी मालकांना विचारले; त्यांनी ग्राहकालाही विचारा एवढेच सांगितले. त्यांचे ते सांगणे मला पुढे बरेच उपयोगी पडले.

पहिला प्रश्न निवडीचा होता. घरच्यांचे आणि सहकाऱ्यांचे मत असे की सर्वांत देखणे काम पाठवावे, म्हणजे सोनेरी छपाईच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिकांची रंगीत मुखपृष्ठे. मला ते पटले नाही. मुखपृष्ठ बघणाऱ्याला एका नजरेत आवडते किंवा आवडत नाही, पण ते करणाऱ्याला शंभर पानांचा मजकूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका शिस्तीत नेता येतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. शैक्षणिक पुस्तक छापणाऱ्याला नेमके तेच कळून घ्यायचे असते. परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर गेली तर ही व्यक्ती काय करते, तळटीप लांबली तर ती कुठे तोडते, तक्ता पानात मावत नसेल तर अक्षर बारीक करते की तक्ताच नव्याने रचते, लेखकाने एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला असेल तर तो तिच्या नजरेस पडतो का, हे त्यांचे प्रश्न असतात. तेव्हा मजकूर जिथे अवघड होता आणि आपल्याला काहीतरी ठरवावे लागले होते, अशी पाने शोधायची असे मी ठरवले. त्या कसोटीला लावल्यावर कपाटातील निम्म्याहून अधिक काम आपोआप बाद झाले.

उरलेल्यातील काही कामे वेगळ्या कारणाने बाद झाली. एका पतसंस्थेचा अहवाल तक्त्यांच्या दृष्टीने उत्तम नमुना ठरला असता, परंतु त्यात थकबाकीदार सभासदांची नावे आणि रकमा होत्या. अहवाल सभासदांना वाटला गेला असला तरी तो त्यांच्यापुरता असतो. पुण्यातील अनोळखी परीक्षकाने फैजपूर-सावद्याकडच्या कोणाचे कर्ज किती थकले आहे ते वाचण्याचे काही कारण नाही. शाळेच्या स्मरणिकेत मुलांची छायाचित्रे, इयत्ता आणि पूर्ण नावे होती, तीही मी बाजूला ठेवली. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि त्यात मुलांच्या माहितीविषयी अधिक काळजी घेतलेली आहे. पण तो कायदा नसता तरी कोणाच्या लेकराचा फोटो आपल्या नोकरीसाठी वापरणे मला प्रशस्त वाटले नसते.

येथे एक तांत्रिक बाब सांगून ठेवते. नावे झाकण्यासाठी पीडीएफवर काळी पट्टी ओढली की काम झाले असे अनेकांना वाटते. पट्टीखालचा मजकूर मात्र फाइलमध्ये तसाच असतो. तो भाग निवडून दुसरीकडे चिकटवला की नाव पुन्हा वाचता येते. झाकायचे असेल तर मूळ फाइलमध्येच नाव व आकडे बदलून मग पीडीएफ करावी. त्याचप्रमाणे फाइलच्या गुणधर्मांत शीर्षक, कर्ता, कधी कधी ग्राहकाचे नाव जसेच्या तसे राहिलेले असते, तेही उघडून पाहावे.

सलग मजकुराचा नमुना मी शेवटी नव्यानेच तयार केला. जुन्या कामातील सलग मजकूर म्हणजे स्मरणिकेतील मनोगते आणि पाहुण्यांची भाषणे. ती दाखवण्यात हशील नव्हते. नवा नमुना करायचा तर मजकूर प्रताधिकारमुक्त हवा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २०१० च्या अखेरीस संपला. त्यांच्या गद्याचा आठ पानांचा उतारा घेऊन मी तो डेमी आकारात, म्हणजे साडेपाच इंच बाय साडेआठ इंचात, मांडला. खास नमुन्यासाठी केलेल्या कामाला कोणी कमी लेखेल अशी शंका होती. म्हणून वर्णनात मी ते उघड लिहिले आणि कारणही दिले. अशा कामाचा एक फायदा असा की त्यात ग्राहकाची लुडबुड नसते. ‘शीर्षक अजून मोठं करा, लाल करा’ असे सांगायला कोणी आलेले नसते, त्यामुळे पानावरचा प्रत्येक निर्णय माझा आहे असे मी छातीठोकपणे म्हणू शकत होते.

दुसरा नमुना केळी उत्पादकांसाठीच्या पुस्तिकेचा होता. रावेर-यावल भागातील एका कृषी सेवा केंद्राने ती छापून घेतली होती. केळीची लागवड आमच्याकडे दोन हंगामांत होते, पावसाळ्याच्या सुरुवातीची मृगबाग आणि पावसाळा संपताना केलेला कांदेबाग. खते देण्याचे महिने दोन्हींत वेगळे पडतात. मूळ हस्तलिखितात दोन्ही बागांचे वेळापत्रक एकाच तक्त्यात होते, तक्ता अकरा स्तंभांचा होता आणि डेमी पानात तो बसवायचा तर अक्षर सहा पॉइंटवर न्यावे लागले असते. मी तेव्हा त्याचे दोन तक्ते केले आणि समोरासमोरच्या पानांवर घेतले. ग्राहक सुरुवातीला नाखूश होता, त्याला मूळ तक्ता आडवा करून हवा होता. पुढे त्याने मान्य केले. नमुन्यासाठी परवानगी मागितली तेव्हा त्याने आनंदाने दिली, उलट प्रत्येक पानाच्या तळाशी असलेला दुकानाचा पत्ता व फोन मी काढून टाकणार आहे हे ऐकून त्याला जरा वाईटच वाटले. मी त्याला सांगितले की पुण्याचा माणूस रावेरला खत घ्यायला येणार नाही, तेव्हा तो हसला.

तिसऱ्या नमुन्याने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. मुद्रितशोधनाचा नमुना म्हणजे दुरुस्तीपूर्वीचा मजकूर दाखवणे आलेच, आणि दुरुस्तीपूर्वीचा मजकूर हा लेखकाचा कच्चा माल असतो. छापून आलेले पुस्तक त्याने जगासमोर ठेवलेले असते, परंतु त्याच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, खोडलेली वाक्ये आणि अर्धवट ओळी त्याने आपल्यावर विश्वास ठेवून आपल्या हाती दिलेल्या असतात. छापील पुस्तकातील पाने दाखवायला परवानगी मिळाली म्हणजे हस्तलिखित दाखवायलाही मिळाली, असे मी धरले नाही. माझ्या मनात होता तो अहिराणी कवितांचा एक संग्रह, ज्याची प्रस्तावना प्रमाण मराठीत आणि कविता अहिराणीत आहेत. कवी वयोवृद्ध आहेत. त्यांना फोन करून सगळे समजावून सांगितले, तुमची चुकांसह असलेली दोन पाने मी दाखवणार आहे, नाव देणार नाही, असेही सांगितले. त्यांचे उत्तर, ‘दखाड ना बेटी, फक्त मन्हं नाव खाले ऱ्हाऊ दे.’ चुका दिसल्या तरी चालतील, नाव मात्र हवे! मग मी तडजोड केली: दुरुस्तीपूर्वीच्या पानावर नाव नाही, दुरुस्तीनंतरच्या पानावर तळाशी नाव आणि ‘कवीच्या परवानगीने’ ही ओळ.

हा संग्रह निवडण्यामागे हेतू होता. प्रस्तावनेच्या पानावर नेहमीच्या दुरुस्त्या होत्या. ‘फूल’, ‘गरीब’ यांतील दीर्घ स्वर सामान्यरूपात ऱ्हस्व होऊन ‘फुलाचा’, ‘गरिबाला’ होतो, पण ‘शरीर’सारखा तत्सम शब्द ‘शरीरात’ म्हणतानाही दीर्घच राहतो. ‘तज्ज्ञ’ आणि ‘उज्ज्वल’ यांत दोन ज हवेत. अवतरणचिन्ह उघडले आहे आणि मिटलेलेच नाही. हे काम नियम माहीत असलेला कोणीही करील. कवितेच्या पानावर मात्र मी जवळजवळ काहीच दुरुस्त केलेले नव्हते. तेथे ‘डोळा’ नाही, ‘डोया’ आहे, ‘शाळा’ नाही, ‘शाया’ आहे, आणि ते तसेच असायला हवे. मी केले ते एवढेच, की एकाच कवितेत एकच रूप दोन प्रकारे लिहिले गेले होते तेथे समासात प्रश्नचिन्ह करून कवींना विचारले आणि त्यांनी सांगितले ते ठेवले. प्रमाणभाषेचे नियम बोलीवर लादणारे मुद्रितशोधक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या हातून गेलेली अहिराणी ही ना धड अहिराणी राहते ना मराठी होते. कुठे हात लावला नाही हेही परीक्षकाला दिसावे, म्हणून ती दोन पाने मी शेजारी शेजारी ठेवली. खरे सांगायचे तर तिन्ही नमुन्यांत माझा सर्वाधिक जीव याच पानात होता.

निवड झाल्यावर फाइलींचे काम सुरू झाले. केळीची पुस्तिका आणि कवितासंग्रह दोन्ही पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या प्रणालीत, श्रीलिपीच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेले होते. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी, सर्व संगणकांवर सारखीच चालणारी पद्धत.) महाराष्ट्रातील छापखान्यांत अशा फाइलींचे ढीग आहेत. त्या कागदावर अगदी सुबक उमटतात. पण मजकूर निवडून दुसरीकडे नेला की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो, कारण फॉन्टने रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. जाहिरातीत युनिकोडची अट होती. पीडीएफ उघडून परीक्षकाने एखादा शब्द शोधला आणि तो सापडला नाही, तर पानावर कितीही मेहनत घेतलेली असो, आपण जुन्या काळात अडकलो आहोत असा त्याचा समज होणार आणि तो समज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

रूपांतर करून देणारी साधने मिळतात, पण त्यांच्या हवाली मजकूर करून चालत नाही. जुन्या फॉन्टमध्ये जे जसे दिसते त्याच क्रमाने साठवलेले असते, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. रूपांतर करताना ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर लांबले की ती नेमकी तेथेच बिघडते, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार भलत्याच ठिकाणी चढतो. ‘शेतकऱ्यांना’ मधला र तर हमखास तपासावा लागतो. त्यामुळे सोळा पानांसाठी मी सगळा मजकूर मूळ प्रतीशी ओळीने ताडून पाहिला. त्यानंतर इनडिझाइन या आजच्या मांडणीप्रणालीत मांडणी पुन्हा उभी केली. आमच्याकडील आवृत्तीत परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा तिच्यातला पर्याय लावला नाही तर जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात, ही गोष्ट या कामात नव्याने पडणाऱ्याने सर्वांत आधी पाहावी. फॉन्ट निवडताना ल आणि श यांची मराठी वळणे येतात का तेही पाहिले. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात, आणि २०२२ मध्ये काढलेल्या सुधारित निर्णयात, प्रमाण वर्णमाला ठरवून दिलेली आहे. शैक्षणिक प्रकाशकाच्या नजरेला हिंदी वळणाचा श लगेच खटकतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी वळण उमटते.

छपाईसाठीची पीडीएफ आणि पडद्यावर पाहण्याची पीडीएफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छापखान्याला कापणीच्या खुणा, पानाबाहेर तीन मिलिमीटर पसरलेला रंग आणि तीनशे डीपीआयची (इंचाला तीनशे ठिपक्यांची) चित्रे लागतात. अर्ज वाचणाऱ्याला त्या खुणा म्हणजे अडगळ. त्या अर्जात प्रत्येक फाइलला पाच एमबीची मर्यादा होती. चित्रे दीडशे डीपीआयवर आणली, खुणा काढल्या, फॉन्ट मात्र फाइलीत समाविष्टच ठेवले, कारण ते नसतील तर दुसऱ्याच्या संगणकावर मराठी मजकुराचे काय होईल याची शाश्वती नसते. केळीच्या पुस्तिकेतील तक्त्यांची पाने समोरासमोर दिसली नाहीत तर त्यांचा मुद्दाच हरवतो, म्हणून तेवढी जोडपाने म्हणून ठेवली आणि बाकीची सुटी.

फाइलचे नाव मी आधी देवनागरीत दिले होते आणि अर्जाने ते नाकारले. काही संकेतस्थळे नाकारत नाहीत, पण पलीकडे नावाच्या जागी टक्केचिन्हांची आणि आकड्यांची माळ पोहोचते. आडनाव, अनुक्रमांक आणि कामाचा प्रकार असे साधे रोमन नाव दिले, मधे रिकामी जागा न ठेवता. प्रत्येक नमुन्याखाली वर्णनाची चौकट होती आणि तिला सहाशे अक्षरांची मर्यादा होती. ही अक्षरे म्हणजे आपण मोजतो ती अक्षरे नव्हेत. संगणकाच्या हिशेबी काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण यांतले प्रत्येक वेगळे मोजले जाते. ‘क्षेत्र’ हा आपल्या लेखी दोन अक्षरांचा शब्द तेथे सात होतो. त्यामुळे मराठीतील सहाशे अक्षरे म्हणजे जेमतेम पाच-सहा ओळी होतात आणि त्यात पाल्हाळाला वाव राहत नाही.

त्या पाच-सहा ओळींवर मी सर्वाधिक वेळ खर्च केला आणि तो सत्कारणी लागला असे आजही वाटते. नमुना स्वतः बोलत नाही. पानावर चार जणांचे हात लागलेले असतात आणि त्यातला आपला कोणता हे बघणाऱ्याला कळणे शक्य नसते. केळीच्या पुस्तिकेखाली मी असे लिहिले: ‘हस्तलिखितावरून जुळणी, तक्त्यांची रचना व दोन्ही प्रुफे माझी. आकृत्या व मुखपृष्ठ माझे नाही. मूळ तक्ता अकरा स्तंभांचा होता. मृगबाग व कांदेबाग वेगळे करून समोरासमोर घेतले, अक्षर नऊ पॉइंट राखले. मूळ काम जुन्या फॉन्टमध्ये, येथे युनिकोडमध्ये नव्याने मांडले आहे. ग्राहकाच्या परवानगीने, दुकानाचा तपशील वगळला आहे.’ ‘सर्जनशील’, ‘दर्जेदार’, ‘नावीन्यपूर्ण’ असले शब्द मी एकदाही वापरले नाहीत. काम माझे नाही ते माझे नाही म्हणून लिहिल्याने आपले वजन कमी होईल अशी भीती माझ्या एका सहकाऱ्याने बोलून दाखवली होती. माझा अंदाज उलटा होता.

अर्जात संपूर्ण पुस्तिकेचा दुवा देण्याचीही सोय होती. गूगल ड्राइव्हवर फाइल ठेवली की ती आधी फक्त आपल्याचसाठी खुली असते. दुवा ज्याच्याजवळ असेल त्याला पाहता यावी, बदलता येऊ नये, अशी परवानगी मुद्दाम द्यावी लागते. आपल्या खात्यातून ती आपल्याला नेहमीच उघडते, म्हणून तपासताना खासगी खिडकीत किंवा दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावी. मी भाच्याच्या फोनवर पाहिली. त्या फोनवर जोडपाने फारच बारीक दिसत होती, पण त्याला इलाज नव्हता. मे महिना होता, दुपारी वीज जाण्याचा काळ, त्यामुळे अर्ज पाठवण्याचे काम मी सकाळी उरकले. ‘अर्ज मिळाला’ अशी ईमेल आल्यावर त्यातील क्रमांक वहीत उतरून घेतला.

अशा जाहिरातींत फसवणूकही बरीच चालते. टायपिंगचे काम देतो, आधी नोंदणीची रक्कम भरा, असे सांगणारे संदेश आमच्या भागात सर्वांनाच येतात. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर तेथेच थांबावे, यापलीकडे त्याविषयी लिहिण्यासारखे नाही. या संस्थेची पुस्तके दुकानात पाहिलेली होती, ईमेल तिच्याच नावाच्या पत्त्यावरून येत होती.

काही आठवड्यांनी त्यांच्या संपादक मॅडमचा फोन आला. बोलण्याचा बराचसा वेळ केळीच्या तक्त्यावर गेला. तक्ता आडवा का केला नाही, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की आडव्या तक्त्यासाठी वाचणाऱ्याला पुस्तिका फिरवावी लागते आणि ही पुस्तिका शेतातल्या शेडमध्ये खिळ्याला टांगली जाते. शिवाय कांदेबाग लावणाऱ्याला त्या वेळी मृगबागेचे आकडे लागतच नाहीत, उलट ते शेजारी असले की ओळ चुकण्याचा धोका. मग त्यांनी अहिराणीच्या पानाविषयी विचारले. त्यांना अहिराणी येत नव्हती, पण समासातील प्रश्नचिन्हे त्यांनी नेमकी हेरली होती. उताऱ्याच्या आठ पानांविषयी त्या फक्त एवढेच बोलल्या की एका पानावर ओळींमधली जागा किंचित ताणलेली वाटते. ती ताणलेली होतीच. परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ वाचवण्यासाठी मी ती ताणली होती, आणि त्यांनी तसा अंदाज केलाच होता.

त्यानंतर चाचणी म्हणून विज्ञानाच्या एका पाठाची मांडणी करायला सांगण्यात आले. पाठ बारा पानांचा होता. चाचणीसाठी दोन-तीन पाने विनामूल्य करून देणे मला रास्त वाटते, कारण दुसऱ्याच्या शैलीत आपण कसे बसतो हे नमुन्यांवरून कळत नाही. बारा पाने म्हणजे मात्र जवळजवळ एक फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा पानांचा संच), ते काम झाले. ही पाने पुस्तकात वापरली जाणार आहेत का, असे मी ईमेलने विचारले आणि वापरली जाणार असतील तर पानाप्रमाणे मोबदला मिळावा असे लिहिले. असे विचारल्याने संधी हातची जाते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जाईलही कधी कधी. त्यांचे उत्तर आले की पहिली तीन पाने चाचणी म्हणून करा, पसंत पडली तर उरलेली कामाच्या दराने. मी तीन पाने केली आणि पीडीएफ पाठवली. बदल करता येतील अशी मूळ खुली फाइलही मागितली गेली, ती मी दर ठरल्यानंतर दिली.

करार आला तो इंग्रजीत होता. त्यात दर, मुदत, दुरुस्त्यांच्या फेऱ्या हे सगळे होते आणि शेवटी एक कलम असे होते की या कामाचा कोणताही भाग कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही दाखवता येणार नाही. कलम गैर नव्हते. अप्रकाशित पाठ्यसाहित्य बाहेर जाऊ नये ही त्यांची गरज समजण्यासारखी आहे. पण नमुने गोळा करताना प्रत्येक ग्राहकाला मागाहून फोन करत बसावे लागले होते, म्हणून या वेळी आधीच विचारून घेतले. पुस्तक बाजारात आल्यानंतर प्रत्येक पुस्तकातील चार पाने, माझ्या कामाचा नेमका वाटा नोंदवून, मला नमुना म्हणून दाखवता यावीत, एवढी भर घालण्याची विनंती मी केली. त्यांनी चारची दोन केली, लेखकाचे नाव देण्याची अट घातली आणि कलम दुरुस्त करून पाठवले. मी सही करून त्याच संध्याकाळी परत पाठवले.